पहिला डबा तळाला

मगदूम सरांनी माझी पहिल्यांदा क्षमा मागितली तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि तोवर त्यांनी माझं काहीही बिघडवलेलं नव्हतं. मी पाटणहून तासगावच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच आलो होतो. स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसलो असताना एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ समोर आले. त्यांनी चपला बाजूला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "उत्तम क्षमा. वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत काही त्रास झाला असंल तर क्षमा करा."

मी गडबडून उभा राहिलो. "अहो सर, वर्षभर कुठलं? मी परवाच्या सोमवारी आलोय."

"मग सोमवारपास्नंची करा," ते म्हणाले, आणि माझ्या हातात एक सीडी ठेवून पुढच्या टेबलाकडे गेले.

मी स्वभावाने अपराधी माणूस आहे. एसटीत कुणी उभं असलं की बसून प्रवास करताना मला चोरी केल्यासारखं वाटतं. वर्गात एखाद्या मुलाला रागावलो तर त्याचं जेवण झालं असेल का, याची काळजी मला संध्याकाळपर्यंत पुरते. अशा माणसापुढे कुणी विनाकारण हात जोडले की त्याचं काय होतं ते विचारू नका. आधी आपण मागायला हवी होती, हे मला दिवसभर टोचत राहिलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी त्यांच्या आधी मी हात जोडणार. ही शर्यत पुढे कित्येक वर्षं चालली. ती फक्त मलाच ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती.

गणपती बोळवले की जैनांचं दशलक्षण पर्व संपतं आणि क्षमावणी येते. घरोघर जाऊन एकमेकांची क्षमा मागायची. तासगाव-सांगलीकडे यात कुणाला नवल वाटत नाही. नवलाची होती ती सरांची सीडी.

भूपाल मगदूम सर भौतिकशास्त्र शिकवायचे आणि कॉलेजची संगणक लॅब सांभाळायचे. लॅबमधले संगणक कुठल्याशा ऑफिसाने देणगी दिलेले. देताना त्यांनी हार्ड डिस्क तेवढ्या काढून घेतल्या होत्या. "शीर नसलेली धडं," असं आमचे प्राचार्य म्हणायचे. सर म्हणायचे, "धड चांगलं दणकट हाय. शीर आपण बाहेरनं देऊ." ते शीर म्हणजे ही सीडी. ती आत सरकवून बटण दाबलं की लिनक्स थेट तिच्यावरूनच उभं राहायचं. मुलांनी दिवसभर हवा तो गोंधळ घालावा; यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं आंघोळ करून आल्यासारखं ताजं. सीडीवर कुणाला काही लिहिताच येत नव्हतं, त्यामुळे कुणाला काही बिघडवताही येत नव्हतं.

पण मूळ सीडीत आमच्या कामाचं फार काही नसायचं. मराठी अक्षरं नीट नाहीत, अकरावी-बारावीचे प्रयोग नाहीत. ते सर घालायचे. हव्या त्या गोष्टीचं एक घट्ट गाठोडं बांधायचं, त्याला मॉड्यूल म्हणायचं, ते ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायचं आणि सीडी नव्याने लिहायची. यंत्र सुरू होताना ते गाठोडं आपोआप मूळ लिनक्सवर चढून बसायचं. हे मला त्यांनी समजावलं ते स्वतःच्या जेवणाच्या डब्यावर. सर मावळतीच्या आत जेवायचे, त्यामुळे त्यांचा चार पुडांचा डबा रोज चारच्या सुमाराला लॅबच्या व्हरांड्यात उघडायचा.

"हे बघा पाटणकर," ते म्हणाले. माझं आडनाव वेगळंच आहे. पाटणहून आलो म्हणून त्यांनी मला कायमचं पाटणकर करून टाकलं. "तळाला भात. हे मूळ लिनक्स. ह्याला हात लावायचा न्हाई. त्याच्यावर आमटी, त्याच्यावर दोडका, वर भाकरी. एकेक डबा चढवत जायचं. आता वरनं बघा, काय दिसतंय?"

"भाकरी."

"भात गेला कुठं?"

"खाली आहे."

"हाय तिथंच हाय, पण दिसत न्हाई. एकाच नावाची वस्तू दोन मॉड्यूलांत असली की वरची दिसती, खालची झाकती. पहिला नंबर तळाला, शेवटचा वर. एवढं कळलं की समदं कळलं." मग भाकरी मोडत म्हणाले, "कळलं नसंल तर क्षमा करा. शिकवणाऱ्याची चूक असती."

दरवर्षी क्षमावणीला नवी सीडी निघायची, मागच्या वर्षीच्या चुका काढलेली. क्षमा आणि दुरुस्ती एकाच फेरीत व्हायची. "गेल्या वर्षी जोडाक्षरं फुटत होती, क्षमा करा. ह्या सीडीत न्हाई फुटणार." रसायनशास्त्राच्या मुल्ला मॅडम या फेरीची वर्षभर वाट बघायच्या, कारण एरवी सरांना पकडायची संधी मिळत नसे.

"आवं सर, गेल्या वर्षीची माफी अजून पचली न्हाई मला. आवर्तसारणीत तुमी सोनं लोखंडाच्या जागी बसवलंय."

"त्याचीच तर मागतोय मॅडम. ह्या वर्षी लोखंड लोखंडाच्या जागी."

"आणि सोनं?"

"ते पुढच्या वर्षी."

मुल्ला मॅडम पदर तोंडाला लावून हसायच्या आणि सरांना खजूर द्यायच्या. सर तो निरखून, उघडून, आत काही नाही याची खात्री करून खायचे.

निरखणं हा त्यांचा धर्मच होता. पाणी प्यायचं तर पांढऱ्या फडक्यातून गाळून. लॅबच्या नळालाही त्यांनी फडकं बांधलं होतं. सॉफ्टवेअरचंही तसंच. इंटरनेटवरून उतरवलेलं काहीही ते सरळ सीडीत घालत नसत. गाठोडं सोडून आतली एकेक फाइल बघत. आमच्या खेळाच्या सावंत सरांनी एकदा क्रिकेटचा एक गेम आणून दिला, तो चार दिवस गाळून झाल्यावर सरांनी परत केला. "ह्यात तीन गोष्टी अशा हायत, ज्या क्रिकेट खेळत न्हाईत," एवढंच कारण दिलं.

पाणी गाळल्यावर फडकं झटकायचं ते त्याच विहिरीत, म्हणजे अडकलेले जीव आपल्या घरी परत जातात. सरांनी हा नियम सॉफ्टवेअरलाही लावला होता. एखाद्या प्रोग्राममध्ये चूक सापडली की ती दुरुस्त करून, तो लिहिणारा जगात कुठे असेल तिथे, त्याला पाठवून द्यायची. अशा एका परदेशी पोराची त्यांनी पत्राच्या सुरुवातीलाच क्षमा मागितली. त्या पोराने उलट विचारलं, कशाबद्दल? सरांनी त्याला कळवलं, अजून माहीत नाही, पण असेलच काहीतरी. पुढे त्या पोराने प्रोग्राममध्ये त्यांचं नाव घातलं. ते सरांनी मला दाखवलं, आणि दाखवल्याबद्दल, म्हणजे मोठेपणा मिरवल्याबद्दल, लगेच क्षमाही मागितली.

हळूहळू सगळ्यांचं काहीतरी सीडीत शिरलं. मुल्ला मॅडमची आवर्तसारणी, सावंतांचे व्यायाम, माझ्या वर्गातल्या मुलींनी वाचलेल्या गोष्टींचे आवाज. ते आवाज फार जड झाले आणि सीडीत मावेनात. मी तीनदा जाऊन सांगितलं, माझं काढून टाका, माझ्यामुळे इतरांची अडचण नको. तिसऱ्या वेळी सरांनी चष्मा काढला. "पाटणकर, तुमच्या डोक्यात पश्चात्तापाची मॉड्यूलं लय झाल्यात गड्या. मशीन हळू चालतंय. थोडी उतरवा." आणि रात्रीत नव्हे, दिवसाउजेडी बसून, आवाजांच्या फाइली दाबून लहान करून त्यांनी त्या मावत्या केल्या.

सीडी घालून यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर एकेका मॉड्यूलचं नाव वर सरकायचं. सर मागे हात बांधून कन्नडमध्ये एक-दोन-तीन मोजायचे. त्यांची आई सीमेपलीकडची, आकडे तिच्याकडून आलेले. "ओंदु... एरडु... मूरु..." शेवटचं मॉड्यूल चढलं की हुश्श करायचे. हे त्यांना रोज करावं लागे आणि रोज तेवढीच काळजी वाटे.

ही लॅब जायची वेळ आली ती संस्थेच्या अध्यक्षांमुळे. आबासाहेब बेदाण्याचे मोठे व्यापारी. गावोगावच्या सत्कारांत त्यांना मिळालेल्या ढाली, फेटे आणि चांदीच्या गणपतींना घरात जागा उरली नव्हती. लॅबची खोली मोठी आणि कोरडी. तिथे त्यांच्या सन्मानचिन्हांचं दालन करावं, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं. प्राचार्यांनी एकच सवलत मिळवली: आबासाहेबांनी एकदा लॅब चालू असताना बघावी आणि मग ठरवावं. लॅब गेली असती तर मुलांना प्रात्यक्षिकांसाठी सांगलीला हेलपाटे घालावे लागले असते. त्यातल्या मुलींना घरून तेवढ्या लांब कुणी सोडलं नसतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.  त्या आठवड्यात मगदूम सरांच्या डब्यातली भाकरी रोज अर्धी परत जात होती.

प्राचार्यांनी आबासाहेबांच्या फोटोचं एक मॉड्यूल करायला सांगितलं. यंत्र सुरू झालं की पडद्यावर साहेब दिसले पाहिजेत. सरांनी ते केलं आणि त्याला शेवटचा नंबर दिला, म्हणजे ते सगळ्यांच्या वर बसेल. भेटीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी प्राचार्य लॅबमध्ये आले आणि मॉड्यूलांच्या नावांची यादी बघून त्यांना घामच फुटला.

"सर, अध्यक्ष शेवटी? सावंतांच्या बी खाली?"

"खाली न्हाई सर, वर. पहिला नंबर तळाला जातो." सरांनी डबा पुढे ओढला. "हे बघा, तळाला भात..."

"तो डबा घरी न्या. साहेबांना पहिला नंबर द्या. उद्या यादी त्यांच्या हातात पडली तर माझी बदली शिराळ्याला हुईल."

आमच्याकडे लग्नात पहिला नारळ कुणाला यावरून पंगती उठलेल्या आहेत. प्राचार्यांपुढे विज्ञान चालणार नव्हतं. सरांनी फोटोला पहिला नंबर दिला. मग तो झाकला जाऊ नये म्हणून वरच्या प्रत्येक मॉड्यूलमधलं पडद्याचं चित्र काढत बसले. मुल्ला मॅडमचं काढलं, माझं काढलं. तेवढ्यात खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. डबा तसाच होता. सूर्य बुडाला असता तर उद्या सकाळपर्यंत उपास. मी म्हणालो, "सर, आधी दोन घास खाऊन घ्या." ते म्हणाले, "आधी सीड्या." सीड्या लिहून झाल्या. एरवी प्रत्येक सीडी यंत्रात घालून बघितल्याशिवाय ते खोलीला कुलूप लावत नसत. त्या दिवशी मावळतीआधी जेवायच्या घाईत बघायची राहिली. आणि सावंतांचं चित्र काढायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब आले, मागे प्राचार्य, मागे आम्ही. सरांनी सगळी यंत्रं एकदम सुरू केली. "ओंदु... एरडु..." पडदे उजळले. प्रत्येक पडद्यावर गुलालाने माखलेला, शिंगांना गोंडे बांधलेला एक पांढराशुभ्र बैल उभा होता.



"हे कोण?" आबासाहेबांनी विचारलं.

सावंत सरांना राहवलं नाही. "सर्जा, आबासाहेब. आमच्या घरचा. औंदा शर्यतीत पहिला आला."

"आणि मी कुठाय?"

प्राचार्य डोळे मिटून उभे होते. मगदूम सर खोटं बोलू शकत नव्हते. "तळाला," ते म्हणाले.

मुल्ला मॅडमना खोकल्याची उबळ आली आणि त्या बाहेर गेल्या. आबासाहेबांनी सगळ्या बैलांवरून एकदा नजर फिरवली. "दिवाळी झाली की खोली मोकळी करा," म्हणाले आणि निघून गेले.

चारच दिवसांनी क्षमावणी होती. सगळ्यांनी सरांना धरलं. आबासाहेबांकडे जा, क्षमा मागा आणि तिथेच लॅबचा विषय काढा. याच्याइतकी चांगली वेळ मिळणार नाही. सर निघाले आणि मला म्हणाले, "चला पाटणकर. त्यांच्या दारात कुत्रं हाय. तुमच्या तोंडाकडं बघून कुत्र्याला बी दया येती."

आबासाहेब झोपाळ्यावर बसले होते. सरांनी चपला काढल्या, हात जोडले. "उत्तम क्षमा. त्या दिवशी चूक माझी. बघायची राहिली. प्राचार्यांची न्हाई, सावंतांची न्हाई. बैलाची तर न्हाईच."

"बरं," आबासाहेब म्हणाले, आणि पुढचं ऐकायला मान थोडी तिरकी केली.

सरांनी नवी सीडी त्यांच्यापुढे ठेवली. "ही दुरुस्त केलीया." मग ते निघाले.

मी कोपराने ढोसलं. त्यांनी लक्ष दिलं नाही. मी हलकेच म्हणालो, "सर, लॅबचं..." त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही बाहेर आलोसुद्धा. गेटाबाहेर मी जवळजवळ ओरडलो, "अहो, बोलला का नाहीत?"

"क्षमेला जोड देत न्हाईत, पाटणकर. जोड दिली की तो बेदाण्याचा सौदा झाला."

"आणि लॅब गेली म्हणजे?"

ते चपलेत पाय घालत होते. अंगठा काही केल्या पट्ट्यात जाईना. "गेली तर लय वाईट वाटंल," म्हणाले, आणि चपला हातात घेऊन रस्त्याला लागले.

दिवाळी झाली. सरांनी वायरी गुंडाळून खोक्यात भरल्या. खोली मोकळी करायला कुणी आलं नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. मग एका दुपारी आबासाहेब एकटेच आले, प्राचार्यांना न कळवता. त्यांच्या हातात एक जुना, कडा दुमडलेला फोटो होता.

"आमच्या वडलांचा बैल," ते म्हणाले. "तुमच्या सर्ज्यापेक्षा उंच व्हता. ह्याला बी घ्या आत."

सर फोटो उजेडात धरून बघत राहिले. "नंबर कुठला देऊ?"

"तळाचा नगं. एकदा बसलोय तिथं."

"आणि साहेबांचा फोटो?"

"काढून टाका. पोरं काय माझं थोबाड बघायला येत्यात?" मग खुर्चीत टेकत म्हणाले, "मगदूम, माझी माफी आजवर लय जणांनी मागितली. मागून झाली की खिशातनं हळूच कागद निघतो, सहीला. तुमी कागद काढलाच न्हाई. मी आपला गेटपातूर बघतोय, आता वळतील, मग वळतील."

"मग खोली..." मी विचारलं. मला राहवतच नव्हतं.

"कसली खोली?" आबासाहेब म्हणाले.

 सर खोक्यातून वायरी काढून एकेक सरळ करत बसले. त्या दिवशी सगळा डबा संपला.

या सगळ्या वर्षांत माझी शर्यत चालूच होती, आणि मी हरतच होतो. एकदा क्षमावणीला पहाटेच त्यांच्या घरी गेलो, तर ते देवळात. देवळात गेलो, तर ते निघून गेलेले. घरी परतलो, तर बायको म्हणाली, "आत्ताच सर येऊन गेले, सीडी ठेवलीय." एकदा आदल्या दिवशीच हात जोडले. ते म्हणाले, "आजचं धरत न्हाईत."

पुढे सर निवृत्त झाले आणि सांगलीला मुलीकडे राहायला गेले. लॅबमध्ये नवी यंत्रं आली. त्यांना डिस्क होत्या, सीडीला फट नव्हती. तरी क्षमावणीला सर एसटीने यायचे, तीच सगळी गाठोडी आता पेनड्राइव्हवर घालून. नव्या यंत्रांना त्यांची गरज नव्हती. पण परीक्षेच्या तोंडावर एखादं यंत्र अडून बसलं की मुलं तोच पेनड्राइव्ह लावत, आणि आबासाहेबांच्या वडिलांचा बैल पडद्यावर उभा राहिला की पुढचं काम चालू होई.

सर गेल्या थंडीत गेले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही. मला जे शेवटी सांगायचं आहे ते त्याआधीच्या क्षमावणीचं आहे.

त्या वर्षी मी पक्कं ठरवलं होतं. तासगावहून पहिल्या गाडीने सांगली गाठायची आणि सर चप्पल शोधत असतानाच दारात उभं राहायचं. फोन केला नाही. फोनवरची क्षमा ते धरत नसत, आणि सुगावाही लागायला नको होता. गाडी सांगली स्टँडच्या फाटकातून आत वळत होती, मी उतरायच्या घाईने दाराशी येऊन उभा होतो, एका हातात पिशवी, एका हातात वरचा दांडा. समोरून तासगावची गाडी बाहेर निघत होती. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना वाट देत क्षणभर थांबले.

तिच्या खिडकीत मगदूम सर बसले होते. मांडीवर पांढरी कापडी पिशवी. मी हाक मारली, त्यांनी वर बघितलं, आणि मी पिशवी खाली ठेवून दांडा सोडायच्या आत त्यांचे हात जोडून झालेसुद्धा.

मी हात जोडले तोवर त्यांची गाडी निघाली होती. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. गाडीच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही. पण त्यांनी एक बोट वर केलं, चष्म्याआडून मिश्किल हसले आणि त्यांचे ओठ हलले. लॅबमध्ये इतक्या वेळा ते ओठ हलताना बघितले होते की ऐकू यायची गरजच नव्हती.

ओंदु.